चाडची काळी माती

चाड या देशाबद्दल मला काहीही माहीत नाही, एवढे मात्र मला अचूक माहीत होते. आणि ही स्थिती वीस दिवसांत बदलायची होती.

अकोल्यात मृदाशास्त्रातील पीएच.डी. पूर्ण होऊन मला चार महिने झाले होते. आफ्रिकेतील काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्यानंतर ओल किती खोल उतरते आणि किती दिवस टिकते, याचा अभ्यास करणाऱ्या एका संयुक्त प्रकल्पात भारतातून एकच संशोधक घेतला जाणार होता. दोन वर्षे चाडमध्ये राहायचे आणि तिथे स्वतःची प्रयोगक्षेत्रे उभी करायची. मुलाखतीपर्यंत आम्ही सहा जण पोहोचलो होतो. निवड समितीची अट मात्र अनपेक्षित होती. मातीवर बोलण्याआधी देशावर बोलायचे: पंचवीस मिनिटांत चाडचा राजकीय इतिहास आणि भूगोल मांडायचा आणि त्याच्या आधारे प्रयोगक्षेत्र कुठे असावे ते नकाशावर दाखवायचे.

ही जागा मला हवी होती आणि ते मी कोणापासून लपवले नव्हते. ती मिळाली नसती तर दिवाळीनंतर अमरावतीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवण्याचे ठरले होते. त्या कामात कमीपणा काहीच नाही. फक्त त्यात माती नव्हती, मातीवरची टिपणे होती.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. एका वहीचे तीन भाग केले: जमीन, पाणी, सत्ता. वाचता वाचता लक्षात आले की चाड समजून घ्यायला सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे पावसाच्या रेषा. उत्तरेत तिबेस्तीचे ज्वालामुखी डोंगर आणि अवतीभवती वाळवंट. मधे गवताळ, कोरडा पट्टा. दक्षिणेत आपल्यासारखा भरवशाचा पावसाळा. देशाला समुद्र नाही. शारी आणि लोगोन या नद्या दक्षिणेकडून येतात, राजधानीपाशी एकत्र होतात आणि चाड सरोवरात जाऊन थांबतात. पुढे वाट नाही. ते सरोवरही गेल्या दोन पिढ्यांत ओळखू येणार नाही इतके आटले. सहा देशांच्या सीमा लागतात, आणि त्या सहांपैकी एक तरी देश नेहमी पेटलेला असतो.

इतिहासही त्याच रेषांवरून चालतो. फ्रेंच येण्यापूर्वी मधल्या पट्ट्यात कानेम, बागिर्मी, वादाई अशी घोडेस्वारांची राज्ये होती आणि दक्षिण ही त्यांची गुलाम पकडून आणण्याची जागा होती. फ्रेंचांनी हा क्रम उलटा केला. त्यांना कापूस हवा होता, तो दक्षिणेत होत होता, म्हणून दक्षिणेला त्यांनी ‘उपयोगाचा चाड’ म्हटले आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथल्या प्रत्येक गावावर कपाशी सक्तीची केली. सक्तीपाठोपाठ रस्ते आले, शाळा आल्या, कारकून तयार झाले. १९६० साली, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, चाड स्वतंत्र झाला तेव्हा साहजिकच सत्ता या शिकलेल्या दक्षिणेकडे गेली. उत्तर आणि मधला पट्टा करांवरून बंड करून उठला. १९७९ साली राजधानीच्या रस्त्यांवर उत्तर आणि दक्षिण समोरासमोर लढले आणि सत्ता उत्तरेकडे सरकली, ती आजवर तिकडेच आहे. मधल्या काळात शेजारच्या लिबियाने उत्तरेची एक पट्टी बळकावली. चाडच्या सैनिकांनी रणगाड्यांच्या विरुद्ध उघड्या मालमोटारींमधून लढून लिबियाच्या फौजेला पिटाळले, आणि पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती पट्टी चाडचीच ठरवली. १९९० साली पूर्वेकडून फौज घेऊन आलेला सेनानी तीस वर्षे राज्य करून आघाडीवर जखमी होऊन मेला. त्याच्या जागी त्याचा मुलगा बसला. दक्षिणेत तेल निघाले, पण त्याची नळवाहिनी कॅमेरूनमधून समुद्राला गेली.

हे सगळे मला एका सूत्रात बसवायचे होते, आणि ते सूत्र माझ्याजवळ तयारच होते: कापूस. इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून का घेतले, रेल्वे बडनेऱ्यावरून का नेली, हे आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही सांगता येते. अकराव्या दिवशी मी मातीच्या सर्वेक्षणाच्या आधारे चाडचा मोठा नकाशा काढला. काळ्या मातीच्या प्रत्येक पट्ट्यात पांढऱ्या रंगाने कापूस भरला, त्यावर इतिहासाचे बाण काढले आणि विभागाच्या फलकावर लावला. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, पाहून म्हणाले, “चांगलं दिसतंय.” ते विदर्भातलेच आहेत. त्यांनाही काही खटकले नाही.

खटकले ते एका वेगळ्याच माणसाला. प्रयोगशाळेत चार आठवड्यांपासून एक पाहुणे प्रशिक्षण घेत होते. चाळिशीचे, उंच, जाड भिंगांचा चष्मा, मातीचे नमुने चाळण्यात हात अतिशय स्वच्छ. आम्ही सगळे त्यांना ‘आफ्रिकेचे सर’ म्हणत असू आणि नमस्काराच्या पलीकडे फारसे बोलत नसू. त्या दुपारी ते फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांच्या सावकाश इंग्रजीत विचारले, “हा नकाशा कोणी केला?”

“मी.”

“हा माझा देश आहे.”

माझ्या हातातली परीक्षानळी मी जपून खाली ठेवली. “तुम्ही चाडचे आहात?”

“तुम्हाला कुठला वाटलो होतो?”

“आफ्रिकेचे,” मी म्हणाले. खरे सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते.

“छान. आणि तुम्ही आशियाच्या.” ते गंभीरपणे म्हणाले, आणि पुन्हा नकाशाकडे वळले. “इथे आमच्या सालामात प्रांतात कापूस कोणी पेरला?”

“तिथे काळी माती आहे.”

“आहे. मग?”

“मग कापूस.”

ते हसू लागले. चष्मा काढून डोळे पुसण्याइतके हसले. “मादाम, हा तुमचा जिल्हा आहे. सीमा तेवढ्या आमच्या काढल्या आहेत.”

मी सर्वेक्षणाचे तक्ते पुन्हा उघडले, पीकनिहाय नकाशे त्यांवर ठेवले आणि अर्ध्या तासात सिद्ध झाले की ते बरोबर आहेत. चाडचा कापूस दक्षिणेतल्या हलक्या, तांबूस, रेताड जमिनीत होतो. तिथे प्रत्येक गावाचे सक्तीचे शेत दोरीने मोजून आखले जाई आणि आजही लोक शेत ‘दोरी’तच सांगतात, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. काळ्या मातीचे पट्टे त्याहून वर, मधल्या भागात. तिथे पावसाळ्यात पाणी साचते, आणि पाणी ओसरल्यावर ज्वारी होते. काळी दिसली की कापूस, हे वाक्य मी कुठे वाचलेले नव्हते. ते माझ्यात होतेच. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला ते तपासून पाहावेसे वाटत नाही, आणि मी तपासणे हाच व्यवसाय केला होता.

नऊ दिवस उरले होते आणि माझे सूत्र मातीमोल झाले होते. पहिल्यांदा मी रागावले, मग राग कोणावर आहे ते ठरवता येईना, मग मी पाहुण्यांकडे गेले. “ती ज्वारी मला समजावून सांगाल?”

“सांगून नाही समजणार. पाऊस संपल्यावर ओल धरणारी काळी जमीन जवळ कुठे आहे का?”

होती. अकोल्याहून दर्यापूरच्या बाजूला, खारपाण पट्ट्यात, माझ्या आत्याचे वावर होते. त्या भागात जमिनीखालचे पाणी खारे. विहिरीवर शेत भिजवता येत नाही, म्हणून जे काही पिकवायचे ते पावसाच्या आणि मुरलेल्या ओलीच्या जोरावर. रविवारी आम्ही एसटीने तिथे गेलो.

आत्याने पाहुण्यांना आपादमस्तक न्याहाळले. “हे कोन आनले वं संगं?”

“चाडचे आहेत, आत्या.”

“चाड? तिफनीचं बी सोडाचं चाडं रायते तसं?”

“देश आहे. आफ्रिकेत.”

“मंग नीट सांग न. येवढी शिकली अन् अर्धंच बोलते.” मग त्यांच्याकडे वळून, “या भाऊ, बसा. कुर्सी घ्या.”

पाहुणे चमकले. खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, “कुर्सी?” त्यांच्या अरबीतही तोच शब्द. मग आत्याने चाचणी घेतल्यासारखे एकेक उच्चारून पाहिले, साबून, किताब, दुनिया, आणि प्रत्येकाला ते मान डोलावू लागले. “पाय बरं,” आत्या मला म्हणाली, “अर्धं मराठी येते याईले. तू उगंच इंग्रजी झाडून रायली.”

जेवायला ज्वारीची भाकर आणि झुणका होता. पाहुण्यांनी भाकर उजेडात धरली, वास घेतला. “हेच धान्य. आम्ही याचा गोळा करतो आणि रश्शात बुडवून खातो.” मी भाषांतर केले. आत्याला गोळ्याची कल्पना पसंत पडली नाही, पण दुसरी भाकर तिने आग्रहाने वाढली.

वावराचा सखल तुकडा पावसाळाभर मोकळा ठेवलेला होता; हरभरा पेरायचा होता. आत्याने खुरप्याने वीतभर खोल माती काढली, मुठीत आवळून गोळा केला आणि छातीच्या उंचीवरून खाली टाकला. गोळा पसरला, फुटला नाही. “अजून आठ-दहा दिस,” ती म्हणाली. “फुटला का पेराचं.”

मी या मातीवर साडेतीन वर्षे काम केले होते. ओल मोजण्याची माझी यंत्रे याच शेतापासून वीस किलोमीटरवर पुरलेली होती. हा गोळा मी लहानपणापासून पाहत आले होते आणि प्रबंधात त्याचा उल्लेख एका ओळीत केला होता. पाहुणे मात्र गुडघ्यावर बसले. त्यांनी तोच गोळा उचलला, अंगठ्याने दाबला, आणि बांधावरची सब्बल, म्हणजे पहार, मागून घेतली. हातभर अंतरावर त्यांनी तीन खोल भोके पाडली. “आमच्याकडे असे. पाऊस संपत आला की ज्वारीची रोपे वाफ्यातून काढायची. जड दांड्याने भोक पाडायचे, भोकात पाणी ओतायचे, रोप सोडायचे. एवढेच पाणी. मग कापणीपर्यंत काही नाही.”

मी भाषांतर करून सांगितल्यावर आत्याने सब्बलीकडे पाहिले. “जवारीचं रोप? धानासारखं?”

“हो.”

“अन् पाऊस?”

“तो संपलेला असतो.”

“म्हंजे सारी जवारी खालच्या ओलीवर?”

“सगळी.”

आत्याने एका भोकात बोट घालून आतली ओल चाचपली. “हुशार हायेत लोकं तुमचे,” ती म्हणाली. “आमाले नाई सुचलं.”

तेवढ्यावर माझी अर्धी अडचण सुटली होती. चाडच्या काळ्या मातीचे वऱ्हाडातले भावंड कपाशीचे वावर नव्हते. रब्बीची ही पडीक ठेवलेली जमीन होती. पण समितीला राजकीय इतिहास हवा होता, आणि तो ओलीत कुठे शोधायचा हे मला दिसेना. सहज म्हणून मी आत्याला विचारले, “आजोबांनी ही खारपाणातली जमीन का घेतली होती?”

“काऊन म्हंजे? आपल्याले चांगली कोन देत होतं?” आत्या खुरपे पुसत म्हणाली. आमचे घर छप्पनच्या धम्मदीक्षेत बौद्ध झालेले. जमीन नावावर येणे हीच त्या पिढीची पहिली लढाई होती. “ज्याची चांगली, त्यानं ठेवली. जे कोनाले नोको होतं ते तुह्या आजोबानं घेतलं. इथी गुरं चरत होती गावाची. मंग आपन हरबरा काढून दाखवला, तवा सारेच आले. कोनी म्हने ही आमची चराईची वाट हाय, कोनी म्हने इकता का. नोको होती तवर कोनाचीच नव्हती. पिकली तं सायऱ्याइची झाली!”

मी हे पाहुण्यांना शब्दशः सांगितले. ते उठून उभे राहिले. हातांची माती त्यांनी झटकली नाही. “माझ्या भावाची हीच गोष्ट आहे,” ते म्हणाले. सालामातमधली काळी जमीन पूर्वी पशुपालकांची. पाऊस संपला, उत्तरेतले गवत वाळले की ते गुरे घेऊन या ओल्या मैदानात उतरत. पुढे दुष्काळाची वर्षे आली, हलक्या जमिनीवरचे पीक बुडू लागले, आणि शेतकऱ्यांनी काळ्या मातीत ही लावणीची ज्वारी वाढवत नेली. आता गुरे उतरण्याची वेळ आणि ज्वारी उभी असण्याची वेळ एकच झाली. “गुरे उत्तरेची, पीक दक्षिणेकडचे. भांडण होते तेव्हा राजधानीतले लोक त्याला धर्म म्हणतात, टोळी म्हणतात. ते एका वावरावरून असते.”

बांधावर बसूनच मी वहीत जमीन, पाणी, सत्ता हे तीन शब्द लिहून त्यांना जोडणारी एक रेघ ओढली. जे सूत्र मी कापसात शोधत होते ते इथे होते. कापसाने दक्षिणेला शाळा आणि सत्ता दिली, हे खरेच. पण उत्तर आणि दक्षिण दरवर्षी प्रत्यक्ष भेटतात ती जागा कापसाच्या शेतात नाही, या काळ्या मैदानात आहे. आणि नेमक्या त्याच मैदानात आम्हाला प्रयोगक्षेत्र आखून कुंपण घालायचे होते. कुंपण गुरांच्या वाटेवर पडले, तर आमचा प्रयोग हा त्या देशाच्या भांडणातला आणखी एक पक्ष ठरला असता.

पुढचे सहा दिवस आम्ही दोघांनी मिळून नकाशा पुन्हा काढला. पाहुण्यांनी गुरांच्या वाटा हाताने आखून दिल्या. कुठे खात्री नसली की ते भावाला फोन करत, आणि फोनवरच्या अरबीत मला अधूनमधून ‘वकित’, म्हणजे वेळ, एवढा एक शब्द कळे. तोही पुरेसा होता. सगळा प्रश्न वेळेचाच होता.

मुलाखत अकोल्यातच, इंग्रजीत झाली. समितीत पाच जण. चार समोर, आणि चाडच्या एक ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ बाई पडद्यावर. मी पहिली पारदर्शिका लावली ती माझ्या चुकीच्या नकाशाची. पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला सालामात दिसताच पडद्यावरच्या बाईंच्या भुवया उंचावल्या.

“हा नकाशा चूक आहे,” मी म्हणाले. “नऊ दिवसांपूर्वी मला तो बरोबर वाटत होता. तो का चुकला ते आधी सांगते, कारण हीच चूक प्रयोगक्षेत्र निवडतानाही होऊ शकते.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवले. “उमेदवार सहसा चुका झाकतात.”

“झाकली असती तर ती दुरुस्त कोणी केली हे मला सांगता आले नसते.”

मग मी पंचवीस मिनिटे बोलले, आणि एकदाही वहीकडे पाहिले नाही. घोडेस्वारांची राज्ये, दोरीने मोजलेले कापसाचे शेत, १९६०, १९७९, वाळवंटातले युद्ध, तेल. आणि या सगळ्याखाली दरवर्षी त्याच महिन्यात दक्षिणेकडे सरकणारी गुरे. शेवटी प्रयोगक्षेत्राची जागा दाखवली: सर्वांत सुपीक मैदानात नव्हे, तर त्याच्या कडेला, दोन वाटांच्या मधल्या तुकड्यात, जिथे कुंपणाची गरजच पडू नये.

एका सदस्यांनी विचारले, “मातीच्या दृष्टीने ही दुय्यम जागा आहे. का निवडली?”

“उत्तम जागेवरचा प्रयोग दुसऱ्या वर्षी तुडवला गेला, तर माझ्याकडे एका वर्षाची उत्तम आकडेवारी उरेल. मला दोन वर्षांची साधी आकडेवारी हवी आहे.”

दुसरे म्हणाले, “घरच्यांची हरकत नाही ना? देश अस्थिर आहे.”

“हा प्रश्न सहाही उमेदवारांना विचारला आहे का, सर?” मी विचारले. ते हसले, मग थोडे लाजले, आणि नाही म्हणाले.

पडद्यावरच्या बाईंनी सगळ्यांत शेवटी तोंड उघडले. “या वाटा आमच्या सरकारी नकाशावरही नाहीत. कुठून आणल्या?”

मी पाहुण्यांविषयी सांगितले. ते चार आठवडे माझ्याच प्रयोगशाळेत होते आणि मी त्यांना त्यांचा देशही विचारला नव्हता, हेही सांगितले. बाईंनी विचारले, “आमच्याकडे पोहोचलात, तर पहिल्या दिवशी काय कराल?”

“यंत्रे बांधलेलीच ठेवीन. आणि गावात विचारीन की गेल्या वर्षी याच दिवशी या जमिनीवर कोण होते.”

“कोणाला विचाराल?”

“जो शेत करतो त्याला, आणि जो करत नाही त्यालाही.”

त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतले.

मुलाखतीनंतर चौथ्या दिवशी मी आत्याच्या वावरात होते. गोळा फुटू लागला होता. पेरणी सुरू होती. ट्रॅक्टरमागे पेरणी यंत्र चालले होते आणि बियाणे संपत आले की यंत्रात ओतण्याचे काम माझ्याकडे होते. निवडीची ई-मेल आली तेव्हा माझ्या दोन्ही हातांना हरभऱ्याच्या बियाण्याला चोळलेल्या औषधाचा रंग होता. कोपराने फोन सरळ धरून मी पहिली ओळ वाचली, खात्रीसाठी पुन्हा वाचली, आणि मग एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या तुरीतून टिटवी उडाली.

आत्या धावत आली. “काय झालं वं? इच्चू चावला का?”

“निवड झाली! माझी निवड झाली, आत्या!”

“मंग बोंबलतं कायले असं? जीव गेला न माहा.” एवढे बोलून तिने स्वतःच ट्रॅक्टरपुढे जाऊन दोन्ही हात वर केले. ट्रॅक्टरवाल्याने घाबरून इंजिन बंद केले. अर्धे वावर पेरून झालेले, अर्धे काळे उघडे, आणि मधे आत्या पदर खोचून उभी.

“दोन वरसं आफ्रिकेत चालली माही पोट्टी,” तिने त्याला जाहीर केले. “तिथी रोपाची जवारी लावतेत, आपल्या काळ्या मातीत. त्याच्यासाठी बोलावलं इले.”

ट्रॅक्टरवाल्याने डोक्यावरचा रुमाल मागे सारला. “येवढ्या दूर? काऊन, तिथी मानसं नाईत का लावाले?”

“लावाले ढीग हायेत. ह्या बाई ओल मोजाले चालल्या. अन् भांडन कोठी हाय थे पायाले. जमलं तं ठीक, नाई जमलं तं निदान कुंपन तं मधात नाई घालनार.”

मी काही दुरुस्ती सुचवली नाही. प्रकल्पाचे उद्दिष्ट यापेक्षा अचूक शब्दांत मी स्वतःही लिहिले नव्हते.